रोबोटचं सर्टिफिकेट: कोकणातल्या पोरांनी पैसे घालावेत का?

लोटेकर
भाचा आयटीआयला इलेक्ट्रिशियन करतोय, शेवटचं वर्ष. पुण्यात एखाद्या रोबोट कंपनीचा आठवड्याभराचा कोर्स केला की नोकरी पक्की, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलंय. माझं मत उलटं आहे. पटलं नाही तर खुशाल झोडपा.

कंपनीच्या कोर्सात तिच्याच रोबोटचा पेंडंट, म्हणजे रोबोट हलवायचा आणि प्रोग्राम करायचा हातातला रिमोट, चालवायला शिकवतात. प्रत्येक रोबोट कंपनीची प्रोग्रामिंगची भाषा वेगळी: कुकाची केआरएल, एबीबीची रॅपिड, यास्कावाची इन्फॉर्म. एकीचा कागद दुसरीच्या दारात निम्माच चालतो. त्यात लोटे, महाड, धाटाव या आपल्या एमआयडीसी मुख्यतः केमिकलच्या. रोबोट असलाच तर पोती पॅलेटवर रचणारा. पोरांनी आधी मोटर, सेन्सर, पीएलसी (मशिनं चालवणारा कंट्रोलर) पक्कं करावं. रोबोट काय, नोकरी लागली की कंपनी शिकवेल.

मिरजोळेवाली
कंपनी शिकवेल? नव्या पोराच्या हातात पेंडंट कोण देतं हो? वर्षभर त्याला केबल ओढायलाच ठेवतात.

आणि सुरक्षेचं काय? रोबोट मॅन्युअल मोडमध्ये हाताने चालवताना हळू गतीला वेग सेकंदाला २५० मिलिमीटरच्या वर जाऊ देत नाहीत. पेंडंटमागचं बटण मधल्या स्थितीत धरलं तरच रोबोटचा हात हलतो. सोडलं तरी थांबतो आणि घाबरून आवळलं तरीही थांबतो. हे अंगवळणी पडायला शिकवणारा माणूस शेजारी उभा लागतो. एरवी पोरं पहिल्या दिवशी काय शिकतात, तर रोबोटभोवतीच्या कुंपणाच्या दाराचा इंटरलॉक, म्हणजे दार उघडताच रोबोट थांबवणारा स्विच, बायपास कसा करायचा!

शिवाय आयटीआयमध्ये इंडस्ट्रियल रोबोटिक्सचा वर्षभराचा ट्रेड आहे की. तुम्ही फक्त कंपन्यांचे कोर्स का धरता?

लोटेकर
ट्रेड आहे, मान्य. पण संस्थेत रोबोट एक आणि पोरं वर्गभर, तर हात कुणाचा लागणार? बाकीचे सिम्युलेटरवर खेळणार. सिम्युलेटरमध्ये केबल तुटत नाही की ग्रीस गळत नाही.

शिफ्ट बी
मेंटेनन्समधला माणूस बोलतोय. तुम्ही दोघंही प्रोग्रामिंगच्या मागे लागलाय. प्रोग्राम एकदा बसला की त्याला महिनोनमहिने कुणी हात लावत नाही. रात्री दोनला लाइन थांबते ती दुसऱ्याच कशाने तरी.

साधं उदाहरण देतो. फॅनक कंपनीच्या बऱ्याच रोबोटांच्या बुडात बॅटरीचे सेल असतात. पॉवर बंद असताना कोणता सांधा किती फिरलाय, ही नोंद त्यांच्यावर टिकते. सेल बदलायचे ते कंट्रोलर चालू ठेवून, इमर्जन्सी स्टॉप दाबून. आता चांगला इलेक्ट्रिशियन पहिलं काय करणार? मेन स्विच बंद! त्याला शिकवलंच आहे तसं. आमच्याकडे एकाने इमानदारीत तेच केलं. नोंद पुसली, पुन्हा मास्टरिंग करावं लागलं, म्हणजे प्रत्येक सांध्याची शून्य जागा नव्याने ठरवावी लागली, आणि घाट उतरून इंजिनियर येईपर्यंत उत्पादन ठप्प.

म्हणून म्हणतो, नुसत्या इलेक्ट्रिशियनवर भागत नाही आणि नुसत्या पेंडंटवरही नाही. परीक्षेत रोबोट बिघडवून ठेवा, पोराला आत सोडा आणि तो आधी कशाला हात लावतो ते बघा. जो आधी अलार्मचा नंबर वाचेल त्याला पास करा. असा कागद कुणी देत असेल तर मी माझ्या पगारातून पोरं पाठवीन.

कुडाळचो
सगळा खरा, पण आमच्या कुडाळाक रोबोट खंय आसत? पोरगो हय शिकतलो आणि नोकरेक चाकणाक जातलो. घराक कुलूप घालूची आणखी एक सोय!

मिरजोळेवाली
दादा, पोरं तशीही मुंबईला जातातच. हेल्पर म्हणून जाण्यापेक्षा टेक्निशियन म्हणून गेलेली काय वाईट?

शिफ्ट बी, तुमची परीक्षा आवडली, पण ती एकदाच घेऊन चालणार नाही. रोबोट सुरक्षेचं आयएसओ १०२१८ हे मानक २०११ नंतर २०२५ला नव्याने आलं. जुना कागद फ्रेम करून भिंतीवर लावणारेही आहेत.

लोटेकर
बिघाड शोधायच्या परीक्षेला मी फी भरीन. आठवड्याच्या कोर्साला नाही, ते मत कायम. त्यापेक्षा पोराने रोबोट असलेल्या कारखान्यात वर्षभर ॲप्रेंटिस व्हावं; स्टायपेंड तरी मिळेल.

शिफ्ट बी
व्हावं, पण कुठल्या खात्यात ते आधी विचारून घ्या. ॲप्रेंटिसला पॅकिंगला उभं करणारे कारखाने मी बघितलेत. मेंटेनन्स लिहून देत असतील तरच पाठवा.