साखरपुडा मेमध्ये, बिऱ्हाड गुहागरला: जूनआधी काय काय उरकावं?

पुण्याची_पाहुणी

नमस्कार मंडळी. माझा साखरपुडा मेच्या दुसऱ्या आठवड्यात गुहागरजवळच्या पालशेतला, होणाऱ्या नवऱ्याच्या आजोळी. शंभरेक पानं, त्यातली चाळीस पुण्याहून येणारी. लग्न डिसेंबरात पुण्यात. त्याची बदली गुहागरला झाली आहे, १ जूनला हजर व्हायचंय. मी लग्नानंतर येईन. माझं काम घरून, रोज सात-आठ तास इंटरनेट लागतं.

दोन घरं नजरेत आहेत. एक समुद्रापासून दीडशे मीटरवर, स्लॅबचं, बारा वर्षं जुनं. दुसरं वर पाखाडीला (पायऱ्यांच्या चढावाटेवर), चिऱ्याचं, कौलारू, विहीर आणि मागे आगर (नारळ-पोफळीची बाग). भाडं जवळपास सारखंच, सातेक हजार. कुठलं घ्यावं? करार, पत्ता, नोंदणी कोणत्या क्रमाने? आणि साखरपुड्याच्या जेवणाचा अंदाजही कुणी सांगितला तर बरं. आचारी गावातलेच आहेत, पण सामान आम्ही आणून द्यायचंय.

चिरेबंदी

घर १ जूनला ताब्यात घेऊ नका, १० मेच्या आतबाहेर घ्या. वीस दिवसांचं जादा भाडं जाईल, पण पावसाआधीची कामं जूनमध्ये होत नाहीत. कौलं परतणारा माणूस तर मेच्या शेवटी हातापाया पडूनही मिळत नाही.

आधी स्लॅबवालं. किनाऱ्यापासून दीडशे मीटर म्हणजे पावसाळी वाऱ्याबरोबर खारा फवारा थेट भिंतीवर. छताकडे खालून नीट बघा. तपकिरी ओघळ किंवा गिलाव्याला सरळ रेषेत गेलेली भेग दिसली तर आतली सळई गंजायला लागली आहे. गंजलेली सळई फुगते आणि खालचा गिलावा ढकलून पाडते. वरून रंग मारून ते थांबत नाही. स्लॅबवर पत्र्याची शेड आहे का? नसेल तर मालकाला विचारा की गेल्या पावसात कुठं गळलं. "कुठंच नाही" असं उत्तर आलं तर शेजाऱ्याला विचारा.

आता चिऱ्याचं. चिरा म्हणजे जांभा दगड, तो पाणी पितो. आपल्याकडे झड नैऋत्येकडून येते, म्हणून त्या अंगाची भिंत आधी तपासा. बाहेरून गिलावा नसेल तर जुलैत ती आतून ओली लागणार. तिला आतून ऑइलपेंट कधीही देऊ नका, ओल अडकते आणि रंगाचे फोड येतात. चुना बरा. बाहेरून पागोळीपासून खालपर्यंत झाप (विणलेल्या झावळ्या) किंवा ताडपत्री बांधा, पण भिंतीला चिकटवून नको, वीतभर अंतर ठेवून. नुसती हिरवी जाळी थेंबांचा जोर मोडते, पाणी अडवत नाही.

कौलं तपासायची सोपी रीत: भर दुपारी आत उभं राहून दारं-खिडक्या लावून घ्यायच्या आणि वर बघायचं. उजेडाचा ठिपका दिसेल तिथं फुटकं किंवा सरकलेलं कौल. वानरं उड्या मारून रोज नवी फोडतात, तेव्हा मंगलोरी कौलं पन्नासेक जादा आणून परसात रचून ठेवा. परतण्याची मजुरी कुणाची, हे करारात लिहून घ्या, तोंडी नको. छपरावर नारळाची झावळी आली असेल तर पाडेकऱ्याकडून सुकी झावळी आणि नारळ मेमध्येच उतरवून घ्यावेत.

जोतं अंगणापासून दीड-दोन फूट तरी वर हवं, आणि डोंगराकडच्या बाजूला घराबाहेरून पाणी वळवणारा चर हवा. पाखाडीच्या घरांत मार खातो तो हाच चर. वर्षभर पाचोळ्याने बुजतो आणि पहिल्या मोठ्या सरीला पाणी माजघरात येतं. चौकटींच्या खालच्या टोकाला वाळवीची मातीची रेघ आहे का, तेही पाहा. संडासचा शोषखड्डा विहिरीपासून किमान पन्नास फूट हवा. भर पावसात जमिनीतलं पाणी वर आलं की खड्डा शोषत नाही आणि भांड्यात पाणी तुंबतं. हे उन्हाळ्यात घर बघणाऱ्याच्या लक्षातच येत नाही.

माझं मत पाखाडीच्या घराला.

नमुना_ड

कागदांचा क्रम.

भाडेकरार आधी. "अकरा महिन्यांचा आहे, साध्या स्टॅम्पपेपरवर चालतं" असं गावात सर्रास सांगतात, ते चूक. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्स कराराची मुदत कितीही असो, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. मुद्रांक पाव टक्का. तुमच्या आकड्यांनी: ७ हजार दरमहा, ११ महिने म्हणजे ७७ हजार. २० हजार अनामत धरली तर तिच्यावर वर्षाला दहा टक्के दराने मानीव व्याज मिळवायचं, ते १,८३३. एकूण ७८,८३३, त्याचा पाव टक्का १९७, म्हणजे दोनशे रुपये. ग्रामपंचायत हद्दीत नोंदणी फी ५००, शहरी हद्दीत १,०००. ऑनलाइन अंगठा देऊन घरबसल्या होतं. करून देणाऱ्याचा मेहनताना वेगळा.

करारात दोघांचीही नावं घाला. त्यासाठी लग्न झालेलं असावं लागत नाही. एकट्याचं नाव घातलं तर डिसेंबरनंतर तुमच्याकडे गुहागरच्या पत्त्याचा स्वतःच्या नावाचा एकही कागद नसेल आणि आधारचा पत्ता, बँक, गॅस सगळं त्याच्यावर अडेल. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला द्यायलाही मालकाला आठवण करा.

लग्नाची नोंदणी पुण्यातच उरकून या. १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांत विवाहाचं ज्ञापन द्यायचं असतं, त्याचा नमुना ड. दाखला मिळतो तो नमुना ई. तीन साक्षीदार, लग्न लावणाऱ्या भटजींची सही, वयाचे आणि राहण्याचे पुरावे, पत्रिका, फोटो. पुण्यात लग्न लावून नोंदणी मागे ठेवली की हमखास अडतं ते साक्षीदार आणि भटजींच्या सहीपाशी, कारण ती माणसं पुण्यात आणि तुम्ही गुहागरात.

वैदिक लग्नाऐवजी थेट नोंदणी पद्धतीने करायचं मनात आलं तर तो १९५४ चा विशेष विवाह कायदा, त्याचा हिशेब वेगळा: दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग तीस दिवस राहिलेला हवा, नोटिशीनंतर तीस दिवस थांबायचं, आणि नोटीस दिल्यापासून तीन महिन्यांत लग्न लागलं नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

नाव बदलणं सक्तीचं नाही. बदलायचंच असेल तर सगळीकडे एकाच स्पेलिंगने बदला. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, पत्त्याला मात्र तशी मर्यादा नाही.

आमसूल

शंभर पानांचं सामान घ्या लिहून. वडे-उसळ, भात, सोलकढी आणि आमरस धरते. मेमध्ये आमरस नसेल तर पुण्याचे पाहुणे रुसतील.

काळे वाटाणे साडेचार किलो. आदल्या संध्याकाळी भिजवा, मध्ये एकदा पाणी बदला; मेच्या उकाड्यात तेच पाणी राहिलं तर फेस येऊन आंबूस वास मारतो. तांदूळ आठ ते नऊ किलो, वड्यांचं पीठ दहा किलो, माणशी चार वडे. खोबरं उसळीच्या वाटणाला आणि कढीला मिळून तीस नारळ. त्यातले वीस-बावीस नुसते कढीचे.

सोलकढी पंधरा लिटर, माणशी दीडशे मिली. आगळ (कोकमाचा खारवलेला रस) सव्वा लिटर लागेल. आगळात मीठ असतं, म्हणून चव घेतल्याशिवाय वरून मीठ नको. नारळाचं दूध मेमध्ये दोन-तीन तासांत आंबतं. दूध पंगतीच्या जेमतेम दोन तास आधी काढा, पातेलं बर्फात ठेवा, आगळ शेवटी घाला. चुलीजवळ ठेवलेली कढी फुटली तर आचाऱ्याला दोष देऊ नका.

आंबा आठ-नऊ डझन हापूस, मध्यम आकाराचा. कार्याआधी आठ-दहा दिवस कच्चा उतरवून पेंढ्यात अढी घाला. रोज हात फिरवून पिकलेला बाजूला काढायचा, नाहीतर एक नासका शेजारचे चार घेऊन जातो. मेच्या मध्याला साका (आतला गर पांढरट, स्पंजासारखा होणं) निघण्याचं प्रमाण वाढतं, म्हणून वर दोन डझन जादा. रस सकाळी काढू नका, काळा पडतो.

पाणी! पालशेतच्या विहिरी त्या दिवसांत तळाला गेलेल्या असतात. पिण्याचं वेगळं, आणि रांधायला-भांड्यांना दीड हजार लिटरची टाकी आदल्या दिवशी भरून ठेवा.

विधीचं घराण्यागणिक बदलतं, दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बैठकीत यादी करून सह्या केल्या की बरेच गैरसमज टळतात. साखरेचा पुडा, अंगठ्या, साडी, ओटीचं खण-नारळ-तांदूळ-हळकुंड-सुपारी, ग्रामदेवतेचा नारळ वेगळा. साखरपुड्याला गावात गाऱ्हाणं (देवाला मोठ्याने घातलेलं साकडं) घालणार असतील तर मुहूर्ताआधी अर्धा तास त्याला सोडा. पहिला ओवसा (नव्या सुनेने गौरीला सूप वाहण्याचा विधी) मात्र लग्नानंतरच्या गौरीत, त्याची घाई आता नको.

खाडीपलीकडे

चिरेबंदींशी एका गोष्टीत सहमत नाही. पाखाडीचं घर चांगलं, पण दुचाकी दारात जाते का? गॅसची टाकी, इन्व्हर्टरची बॅटरी आणि आजारी माणूस, तिन्ही पायऱ्यांवरून न्यायची असतात. रस्त्यापासून पन्नास पायऱ्यांपुढे असेल तर मी स्लॅबवालं घेईन आणि गंज सोसेन. तिथं राहायचंच झालं तर फ्रिज आणि वॉशिंग मशीन लाकडी पाटावर, भिंतीपासून सहा इंच लांब. गाडीला आठवड्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवून चेनला तेल. बिजागऱ्या, कड्या स्टेनलेस स्टीलच्या.

पुण्याहून येणाऱ्यांना सांगा: उंब्रज, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, गुहागर. चिपळूणपासून पुढे साधारण पंचेचाळीस किलोमीटर. रेल्वेने कुणी येणार असेल तर स्टेशन चिपळूणच, आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि मेमधलं चाकरमानी लगेच संपवतात. गावातल्या खोल्या आत्ताच धरा. दापोलीकडचे पाहुणे दाभोळ-धोपावे फेरीबोटीने आले तर चिपळूणचा मोठा वळसा वाचतो.

पुण्याची_पाहुणी

सगळ्यांचे खूप आभार. पाखाडीच्या घराला रस्त्यापासून बावीस पायऱ्या आहेत, त्यामुळे तेच घेऊ बहुतेक. दोन शंका राहिल्या. विहिरीचं पाणी प्यायचं का? आणि वीज गेल्यावर माझ्या कामाचं काय?

चिरेबंदी

बावीस काहीच नाहीत, घ्या.

विहीर: मेमध्ये दोर टाकून पाण्याची उंची मोजा. व्यासाचा वर्ग गुणिले पाण्याची उंची गुणिले ०.७८५, सगळं मीटरमध्ये, की घनमीटर मिळतात. तीन मीटर व्यास आणि दोन मीटर पाणी असेल तर १४ घनमीटर, म्हणजे १४ हजार लिटर. चांगल्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे ३५ ग्रॅम. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यायचा, वरचं निवळ पाणी पोहऱ्यातून विहिरीत खोल सोडून ढवळायचं, निदान तासभर उपसा बंद. ग्रामपंचायतीत क्लोरीन तपासायचं औषध असतं, तासानंतर ०.५ मिलिग्रॅम प्रति लिटर दिसलं की डोस बरोबर. दमट हवेत उघडी पडलेली पावडर कस गमावते, मग ३५ ग्रॅम टाकून उपयोग नसतो. घट्ट डब्यातली ताजी घ्या. पहिल्या पावसानंतर पाणी गढूळ असतं तेव्हा उकळूनच प्या.

(खालच्या, समुद्राकडच्या घराच्या विहिरीला आणखी एक भानगड असते. किनाऱ्यावर गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं, पंप सलग चालवला की खालचं खारं वर ओढलं जातं. तिथं फूटव्हॉल्व्ह उंच ठेवून थोडा थोडा उपसा करतात.)

खाडीपलीकडे

विजेचं मी सांगतो. १५० अँपिअर-अवरची १२ व्होल्टची बॅटरी म्हणजे १,८०० वॅट-तास, त्यातले १,२०० हाताशी धरा. लॅपटॉप ६०, दोन बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ६०, राउटर १२, दोन एलईडी १८, मिळून दीडशे वॅट. म्हणजे आठ तास. जुने ७५ वॅटचे पंखे लावलेत तर तोच हिशेब पाच तासांवर येतो. बॅटरी ओल्या भिंतीला टेकवू नका.

फायबरची तार खांबांवरून येते आणि वादळात झाड पडलं की विजेबरोबर तीही तुटते, म्हणून वेगळ्या कंपनीचं दुसरं सिम हवंच. कुठल्या कंपनीची रेंज येते ते घरातल्या टेबलाजवळ बसून तपासा, अंगणात नव्हे. चिऱ्याच्या जाड भिंतीआड सिग्नल पडतो. विजा कडकडायला लागल्या की राउटरची तार आणि प्लग दोन्ही काढा. बंद बटण पुरत नाही.

आगर आहे म्हणताय, तर फुरसं (छोटा विषारी साप) आणि विंचू धरून चाला. चिरे, कौलं, लाकडं घराला टेकवून रचायची नाहीत, रात्री टॉर्चशिवाय बाहेर पाय नाही, बूट झटकून घालायचे. दंश झाला तर पट्टी करकचून बांधणं, चिरणं काही नको. तो भाग हलू न देता थेट गुहागरचं ग्रामीण रुग्णालय. फुरशाला प्रतिसर्पविष लागतं. विंचवाला प्राझोसिन हे औषध, जे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांच्या कामामुळे रूढ झालं. मोठ्या दुखण्याला पुढे चिपळूण किंवा डेरवणचं वालावलकर रुग्णालय. रात्री येणाऱ्या रिक्षावाल्याचा नंबर पहिल्याच आठवड्यात घेऊन ठेवा.

आमसूल

त्याला एकट्याला जूनपासून राहायचंय ना, मग बेगमी आत्ताच भरा: तांदूळ, कडधान्य, मसाला, आमसुलं, गॅसची दुसरी टाकी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सुकी मासळी मेच्या कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून बरणीत. कपाटं भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. चामड्याचे पट्टे, बूट, कॅमेरा बंद डब्यात सिलिका जेलसकट ठेवा. आणि लग्नाच्या रेशमी साड्या डिसेंबरनंतर लगेच आणू नका. पहिला पावसाळा त्या पुण्यातच राहू देत.