सूनबाईंचे नॉर्वेतले पणजोबा: आडनाव धरून शोधतोय, सापडेनात

खानापूरचा तलाठी:
नमस्कार मंडळी. खानापूर तालुक्यात ३१ वर्षं तलाठी होतो. वारसा, वाटणी, उतारे, यातच केस पांढरे झाले. सूनबाई विस्कॉन्सिनची. परवा व्हिडिओ कॉलवर म्हणाली, "बाबा, लोकांच्या सात पिढ्या लावून दिल्यात, माझ्या तीनच लावा की." (मराठीतलं 'की' तिला सगळ्यात आधी आलं.)

हाताशी आहे ते घरच्या बायबलचं पहिलं पान: 'ओले पेडरसेन हौगेन, १८५८'. नॉर्वेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराची 'डिजिटलअर्किवेट' ही साइट फुकट आहे. तिथं १८६५ ची जनगणना उघडली आणि हौगेन टाकलं, तर पानांमागून पानं. शिवाय ओलेच्या सख्ख्या भावाचं आडनाव 'बाक्केन'! एका बापाची पोरं आणि आडनावं दोन. आमच्या चावडीत असला अर्ज आला असता तर मी परत पाठवला असता. चुकतंय कुठं?

निपाणी ते स्टावांगर:
काका, नोंद बरोबर आहे, तुम्ही आडनाव समजताय तिथं घोळ आहे. पेडरसेन म्हणजे पेडरचा मुलगा. बहीण असती तर पेडर्सदातर. हौगेन हे राहत्या शेतवाडीचं नाव, अर्थ टेकाड. म्हणून दर चार कोसांवर एक हौगेन भेटतं. वाडी बदलली की नाव बदललं. आपला उचगावकर येळ्ळूरला जाऊन येळ्ळूरकर व्हावा तसं. कायम आडनावाची सक्ती १९२३ च्या कायद्यानं आली.

तेव्हा आधी गाव धरा. परदेशी जाणाऱ्यांच्या याद्या बंदरावर पोलीस ठेवत, त्यात राहण्याचं ठिकाण असतं. ते मिळालं की तिथल्या चर्चची वही. बाप्तिस्मा तर असतोच, पण चौदा-पंधराव्या वर्षीच्या 'कन्फर्मेशन'ची, म्हणजे बाप्तिस्मा पक्का करण्याच्या चर्चमधल्या विधीची, नोंद सोडू नका. आईबापाची नावं, जन्मतारीख आणि देवीची लस कधी टोचली तेही तिथं सापडतं.

मोडीप्रेमी, शहापूर:
त्या वह्या गॉथिक वळणाच्या आहेत, पहिल्या दिवशी डोकं धरून बसाल. मोडीचीच युक्ती: पाठ असलेले शब्द आधी ओळखा. महिन्यांची नावं, ओले, पेडर. 'यू' आणि 'एन' अगदी सारखे दिसतात, पण 'यू'च्या डोक्यावर बारीक चंद्रकोर असते. हे कळलं की अर्धं पान सुटतं.

खानापूरचा तलाठी:
सापडले! बर्गनच्या यादीत गाव मिळालं, गावावरून वाडी, आणि १८६५ च्या पानावर पेडर, बायको, तीन पोरं. ओलेचं वय ८. मी म्हटलं, १८५८ चा तर ७ हवं. मग वाचलं, तिथं चालू वर्ष धरून वय लिहीत. १८७५ ला हेच कुटुंब बाक्केन वाडीवर आहे. धाकटा तिथूनच अमेरिकेला गेला, म्हणून तो बाक्केन.

लहानपणी आमच्याकडे सुगीनंतर हेळवी यायचा, बैलावर बसून. वही उघडून खापरपणजोबापर्यंत नावं म्हणायचा आणि जोंधळे घेऊन जायचा. तो आडनाव कधी विचारत नसे, मूळ गाव विचारायचा. एवढी नोकरी करून मला हे नॉर्वेत जाऊन कळावं!

गंमत पुढं आहे. जनगणनेतच जनावरं आणि पेरा लिहिलाय: १ गाय, ४ मेंढ्या, ओट, बटाटे. ही तर आमची पीकपाहणी! पेडरच्या नावापुढं 'हुसमान' आहे. दुसऱ्याच्या वाडीत तुकडा कसायचा आणि बदल्यात मालकाकडे राबायचं. सुनेला सांगितलं, तुझे पूर्वज जमीनदार नव्हेत, कूळ होते. ती म्हणाली, मग मला कुळाचा उतारा काढून द्या.

एकच अडलंय. बटाट्यापुढं २ 'टोन्ने' आहे. म्हणजे किती?

निपाणी ते स्टावांगर:
टोन्ने म्हणजे पिंप. एक साधारण १३९ लिटरचं. पायलीचा हिशोब तुमचा तुम्ही करा, काका.