मदत हवी आहे: सीएनजी कॉम्प्रेसरची देखभाल चालू तासांच्या दराने घ्यावी का?

नमस्कार. भोसरी एमआयडीसीत आमचे छोटे वर्कशॉप असून हवेच्या व अमोनियाच्या रेसिप्रोकेटिंग (पिस्टनच्या पुढे-मागे हालचालीने दाब देणाऱ्या) कॉम्प्रेसरचे वॉल्व्ह लॅपिंग करणे (म्हणजे वॉल्व्हचे पृष्ठ घासून सपाट करणे), पिस्टन रिंग आणि पॅकिंग (पिस्टन रॉडभोवतीचे गळतीरोधक सील) बदलणे ही आमची नेहमीची कामे आहेत. 2018 पासूनच्या शहर गॅस वितरण परवान्यांच्या बोली फेऱ्यांत जिल्ह्यांमागून जिल्हे आले, सीएनजी पंप वाढले आणि त्याबरोबर यंत्रे सांभाळणाऱ्या हातांची मागणीही वाढली. अशाच एका देखभाल ठेकेदाराने आम्हाला वर्षभराचे उपकंत्राट देऊ केले आहे. दर प्रत्येक चालू तासामागे, म्हणजे यंत्र प्रत्यक्ष जितके तास चालेल त्यानुसार, ठरणार असून सुटे भाग आमच्याच खर्चात धरले आहेत, शिवाय यंत्र ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वेळ बंद राहिल्यास दंड आहे.

कामाची भीती नाही. सक्शन वॉल्व्ह (गॅस आत घेणारी झडप) गळू लागला की त्याचे कव्हर शेजारच्या कव्हरपेक्षा गरम लागते आणि कॉम्प्रेसर दाब टप्प्याटप्प्याने वाढवतो त्यातल्या आधीच्या टप्प्याचा दाब चढतो, हे आमचे फिटर गेजकडे एक नजर टाकून सांगतात. अडचण हिशेबाची आहे. पाइपलाइनचा दाब उतरला की तेवढाच गॅस 250 बारपर्यंत नेण्यासाठी यंत्र जास्त तास चालते. म्हणजे आमचे बिल वाढते खरे, पण दाबाचे गुणोत्तर (बाहेर पडतानाचा दाब भागिले आत येतानाचा दाब) वाढल्यामुळे डिस्चार्जचे, म्हणजे बाहेर पडणाऱ्या गॅसचे, तापमानही चढते आणि रिंगांचे आयुष्य घटते. गॅसमधून येणारी धूळ आणि सततचे चालू-बंद यांचा भारही आमच्यावरच पडेल. म्हणून करारात इनलेटचा किमान दाब आणि फिल्टर बदलण्याची जबाबदारी स्पष्ट लिहून घ्यावी, असे माझे मत आहे. अशी अट प्रत्यक्षात मान्य होते का?

दुसरा प्रश्न सुट्या भागांचा. मूळ उत्पादकाचे भाग महाग पडतात आणि वेळेवर मिळत नाहीत, तर पीक (PEEK, उष्णता सोसणारे कणखर प्लास्टिक) वापरून केलेल्या वॉल्व्ह प्लेट व भरणयुक्त (झीज कमी व्हावी म्हणून दुसरा पदार्थ मिसळलेल्या) टेफ्लॉनच्या रिंगा स्थानिक बाजारातही तयार होतात. मटेरियल प्रमाणपत्राखेरीज कोणती तपासणी करून असे भाग बसवावेत? सेफ्टी वॉल्व्ह आणि फ्लेमप्रूफ (आतली ठिणगी बाहेरच्या गॅसला पेटवू न देणारे) विद्युत साहित्य यांत मात्र मी मूळ दर्जापेक्षा खाली उतरणार नाही, मग नफा कितीही घटो.

ज्यांनी असे कंत्राट एक पूर्ण ओव्हरहॉल (यंत्र उघडून केलेली संपूर्ण दुरुस्ती) होईपर्यंत सांभाळले आहे, त्यांनी तासांचा दर योग्य ठरला की मजुरीचा ठरावीक मासिक दर घेऊन भागांचे वेगळे बिल करणे बरे पडले, हे कृपया सविस्तर सांगावे.