बाल्कनीतील मॅक्लिनिया: नवी पाने पिवळी पडत आहेत, काय करावे?

प्रश्न (कोथरूड):
नमस्कार. दोन वर्षांपूर्वी मला मॅक्लिनिया रुपेस्ट्रिस या झुडपाचे फांदीपासून तयार केलेले रोप मिळाले. ब्लूबेरीच्याच कुळातले हे झुडूप मूळचे अँडीजच्या धुकट जंगलांतले असून त्याची फळे इक्वाडोरमध्ये 'होयापा' या नावाने खाल्ली जातात. पावसाळ्यात आमच्या पूर्वेकडील बाल्कनीत त्याला सुंदर तांबूस पालवी फुटली होती. परंतु फेब्रुवारीपासून नवी पाने पिवळी पडत आहेत, शिरा मात्र हिरव्याच राहतात, आणि जुन्या पानांच्या कडा करपल्या आहेत. कुंडीत लाल माती व शेणखत आहे, पाणी सोसायटीच्या बोअरचे. शिवाय खोडाच्या बुडाशी रताळ्यासारखी गाठ आली आहे. ती रोगाची असेल तर कापावी का? आणि पुण्यात फळ धरेल का?

उत्तर (सहकारनगर):
गाठ कृपया कापू नका. तो या झुडपाचा साठवणीचा कंद आहे आणि वरच्या फांद्या वाळल्या तरी त्यातून पुन्हा फूट येऊ शकते. पाने पिवळी पडतात ती लोह न मिळाल्यामुळे. मात्र कुंडीत लोह नाही, असे नव्हे. बोअरच्या पाण्यातील बायकार्बोनेट क्षारांमुळे मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचे माप) चढत जातो आणि असलेले लोह मुळांना घेता येत नाही. या झाडाला सामू साधारण ४.५ ते ५.५ असावा. तूर्त एसीतून ठिबकणारे पाणी द्या, पुढे पावसाचे साठवा; आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी मात्र चुकूनही घालू नका, कारण त्यात क्षार अधिकच एकवटलेले असतात. निसर्गात हे झुडूप पुष्कळदा मोठ्या वृक्षांच्या शेवाळलेल्या फांद्यांवर वाढते, त्यामुळे लाल माती त्याला फार घट्ट होते. पाऊस सुरू झाला की ऑर्किडसाठी मिळणारी साल, परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे) आणि थोडे स्फॅग्नम मॉस (एक प्रकारचे शेवाळ) अशा भरड मिश्रणात ते हलवा.

उत्तर (औंध):
पाण्याइतकीच उन्हाळ्याची काळजी घ्यावी. माझे पहिले झाड काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, पश्चिमेच्या भिंतीलगत होते. मे महिन्यात ते आठवडाभरात गेले. उपटून पाहिले तेव्हा मुळे शिजल्यासारखी मऊ झाली होती. त्याची हळहळ मला आजही वाटते. दुसरे झाड न रंगवलेल्या मातीच्या कुंडीत आहे, जी माठासारखी पाझरून मुळे गार ठेवते. भोवती ओले गोणपाट गुंडाळतो आणि वर ५० टक्के सावलीची शेडनेट लावतो. धुकट जंगलातील रात्री गार असतात, आपल्याकडे मे महिन्यातील रात्रीही उबदार राहतात आणि दिवसा तयार झालेले अन्न श्वसनातच अधिक खर्च होते. म्हणून मी संध्याकाळी बाल्कनीच्या फरशीवर पाणी शिंपडतो. कुंडीखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू देऊ नये.

उत्तर (बाणेर):
फळांविषयी थोडे. या नळीसारख्या लाल फुलांचे परागीभवन तिकडे हमिंगबर्ड करतात. आपल्याकडे शिंजीर हा फुलांतील मध पिणारा छोटा पक्षी येतो, पण पुष्कळदा तो नळीच्या बुडाशी छिद्र पाडून मध पितो आणि परागकणांना स्पर्शही होत नाही. यातील पुंकेसर टोकाच्या छिद्रांतून पराग सोडतात. त्यामुळे फूल काळ्या कागदावर हलकेच टिचकावे, पडलेले पराग बारीक कुंचल्याने टिपून दुसऱ्या फुलाच्या स्त्रीकेसराच्या टोकाला लावावेत. शक्य असल्यास वेगळ्या रोपाचे पराग घ्यावेत.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. एसीच्या नळीखाली आजच बादली ठेवली आहे. औंधच्या सदस्यांच्या झाडाला फुले आली, तर परागांची देवाणघेवाण करता येईल का?