बाबांचं ऑपरेशन १२ दिवसांवर, वजन उतरतंय, नाकातून नळी घालू द्यावी का?

बाबा ५८ वर्षांचे, गालाचा कॅन्सर, तंबाखू-चुना ३० वर्षं. तोंड जेमतेम एक बोट उघडतं. चार महिन्यांत ६४ चे ५६ किलो झालेत, पोटात जातं ते फक्त पेज आणि ताक. डॉक्टर म्हणतात आत्ताच नळी घालून फीड चालू करा, बाबा म्हणतात नळी लागली म्हणजे माणूस संपला. त्यात काकूंचं चालूय की दूध-साखर बंद करा, गाठ वाढते. काय करू?

उत्तर १
सासऱ्यांचं जिभेचं झालं तेव्हा घरात सेम तमाशा. बाबांना एवढंच सांगा, ऑपरेशननंतर टाके भरेपर्यंत नळी बहुतेक लागणारच आहे, मग आठ-दहा दिवस आधी घातली तर काय बिघडलं! आम्ही घरचंच द्यायचो, मऊ भात, मुगाचं वरण, उकडलेलं अंडं, दूध पावडर, तेल असं मिक्सरला लावून दोनदा गाळायचं, नाहीतर नळी चोंदते आणि मग रात्री धावपळ. बसवून द्या, नंतर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका, आणि प्रत्येक वेळी शेवटी पाणी सोडून नळी धुवा.

उत्तर २
मी डाएटिशियन आहे. ६४ चे ५६ म्हणजे साडेबारा टक्के वजन गेलं, सहा महिन्यांत १० टक्क्यांवर गेलं तरी आम्ही सावध होतो. अशा पेशंटची जखम भरत नाही, टाके उसवतात, मानेतून लाळ गळायला लागते. ५६ किलोला दिवसाला साधारण १७०० कॅलरी आणि ७०-८० ग्रॅम प्रोटीन लागतं, पेजेत कुठून येणार? साखर बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो. (डायबेटीस किंवा किडनीचा त्रास असेल तर हिशोब वेगळा, तो तुमच्या डॉक्टरांकडूनच घ्या.)
आणि प्लीज, इतके दिवस उपाशी असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी भरभरून देऊ नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम एकदम खाली येतं, ते हृदयावर बेततं. रक्त तपासून तीन-चार दिवसांत हळूहळू वाढवायचं.

मूळ प्रश्नकर्ता
काल घातली नळी. काकूंशी अबोला आहे सध्या. बाबांचा पहिला प्रश्न, यातून चहा जातो का?

उत्तर १
जातो की, कोमट करून, गाळून. चव लागत नाही तेवढी.