मदत हवी आहे: गौरीचा तेरडा ओढ्यात विसर्जन केला, आता आयर्लंडच्या त्या ओढ्याकाठी रोपं उगवली आहेत

नमस्कार मंडळी,

मी आयर्लंडच्या दक्षिणेला, काउंटी कॉर्कमध्ये राहते. माहेर-सासर दोन्ही अलिबागकडचं, त्यामुळे आमची गौर तेरड्याची. ओढ्याकाठून तेरडा मुळासकट उपटायचा, मुळं धुवायची (ती गौरीची पावलं), जुडी बांधून साडी नेसवायची आणि हळदीकुंकवाच्या पावलांवरून तिला घरात आणायचं. इथं आल्यापासून पाच वर्षं मी कागदी फुलांवर भागवलं, आणि दर वर्षी काहीतरी राहून गेल्यासारखं वाटायचं.

गेल्या ऑगस्टमध्ये गावाबाहेर नदीकाठी फिरताना थबकलेच. माणसाहून उंच, गुलाबी फुलांनी लगडलेली झाडं, काठभर. फुलाला मागे तशीच शेपटी, पानाच्या कडा दातेरी, आणि पिकल्या बोंडाला बोट लागताच ते टचकन फुटून बी उडालं. तेरडाच! डोळ्यांत पाणी आलं हो. ३१ ऑगस्टला आवाहन होतं. आदल्या संध्याकाळी पाच-सहा झाडं उपटून आणली, बोंडांसकट. तिसऱ्या दिवशी घरामागच्या छोट्या ओढ्यात रीतसर विसर्जन केलं आणि येताना पाच खडे घेऊन आले.

या मार्चमध्ये ओढ्याकाठी रोपंच रोपं. परसातही, जिथं मी झाडं धुतली होती तिथं. शेजारच्या बाई गावच्या ओढे-नाले साफ करणाऱ्या गटात आहेत. त्यांनी एक रोप उपटून हातावर ठेवलं आणि शांतपणे विचारलं, हे इथं कधीपासून? त्यांना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, पण त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसला. त्या ओढ्यावर हे झाड आजवर नव्हतं.

हे हिमालयन बाल्सम. तेरड्याच्याच कुळातलं, पण मूळचं पश्चिम हिमालयातलं. १८३९ मध्ये शोभेचं झाड म्हणून लंडनच्या क्यू बागेत आणलं गेलं आणि तिथून युरोपभर नद्यांच्या काठाकाठानं पसरलं. एकेक झाड शेकडो बिया धरतं, बोंड फुटलं की बी सात मीटरपर्यंत उडतं, आणि उरलेलं काम वाहतं पाणी करतं. उन्हाळ्यात त्याच्या सावलीत इथलं काही वाढत नाही. हिवाळ्यात ते मरून जातं, काठ उघडा पडतो आणि माती पाण्यात जाते. २०१७ पासून ते युरोपीय संघाच्या आक्रमक परदेशी जातींच्या यादीत आहे. म्हणजे बाळगणं, वाहून नेणं, निसर्गात सोडणं, सगळंच बेकायदा. मी चार दिवसांत तिन्ही गोष्टी केल्या.

तेव्हापासून इथलं मूळचं काय आणि बाहेरचं काय, हे वाचत सुटले आहे. केरीच्या रस्त्यांकडेची लाल फ्युशियाची कुंपणं मला अस्सल आयरिश वाटायची, ती दक्षिण अमेरिकेतली. ऑगस्टमध्ये बांधांवर पेटल्यासारखी दिसणारी नारिंगी मॉन्टब्रेशिया दक्षिण आफ्रिकेच्या वंशाची. किलार्नीच्या ओकवनात मी ज्या जांभळ्या ऱ्होडोडेंड्रॉनसमोर फोटो काढले, त्याच्या दाट सावलीत ओकचं नवं रोपच तग धरत नाही. मग इथलं काय? तर गावांची नावं सांगतात. डेरी म्हणजे ओकची राई, किल्डेअर म्हणजे ओकचं चर्च, मेयो म्हणजे यू झाडांचं मैदान. आपल्या वडगाव, पिंपळगाव, चिंचवडसारखंच. फरक इतकाच की इथं नावं राहिली आणि वनं बहुतेक गेली. आज देशाच्या जेमतेम ११-१२ टक्के जमिनीवर झाडोरा आहे, आणि त्यातही मोठा वाटा उत्तर अमेरिकेतून आणलेल्या सिटका स्प्रूसच्या लागवडीचा. जे थोडं मूळचं उरलंय, त्यातल्या एका ओढ्यावर माझ्या हातून हे झालं, याची टोचणी जात नाही.

तर मदत दोन बाबतींत हवी आहे. ही रोपं नेमकी कशी आणि कधी काढायची, की उरलेल्या काठाला धक्का लागणार नाही? आणि दुसरं, गौर पुन्हा कागदी करायची नाही मला. इथल्या मातीतलं, आयर्लंडचं स्वतःचं असं कुठलं झाड आहे का, जे गौरीच्या दिवसांत फुललेलं असेल आणि मुळासकट घरात आणता येईल, कुणाचं काही न बिघडवता? कुणी वनस्पतिशास्त्रवाले असतील तर कृपया लिहा.

प्रतिसाद, गॉलवेहून

ताई, पहिली गोष्ट म्हणजे उशीर झालेला नाही. हे झाड एकवर्षायू आहे, जुन्या मुळातून फुटत नाही. बी मातीत साधारण दीड-दोन वर्षंच जिवंत राहतं. यंदा आणि पुढच्या दोन वर्षांत एकही झाड बोंडावर येऊ दिलं नाही, तर ओढा मोकळा होतो. आम्ही इथं एका नाल्यावर हे केलंय.

ओळख पक्की करा. लहान रोपाची पहिली दोन पानं गोल, जाड, टोकाशी किंचित खाचलेली असतात. देठ लालसर, काचेसारखा पाणीदार. पुढची पानं बहुधा तीन-तीनच्या वेढ्यात येतात. खात्री नसेल तर रोप राहू द्या, पुढच्या फेरीला मोठं झालं की कळेल.

सुरुवात नेहमी वरच्या अंगानं, म्हणजे जिथवर शेवटचं रोप दिसतं तिथून, आणि मग प्रवाहाबरोबर खाली. मुळं वरवरची असतात, बुडाशी धरून ओढलं की सहज येतात. फक्त वरून तोडू नका, खालच्या पेरातून पुन्हा फुटतं. उपटलेली रोपं तिथंच पाण्यापासून दूर कोरड्या जागी मुळं वर करून टाका. घरी नेऊ नका, ओल्या मातीवर ठेवू नका, पेरांना मुळं फुटतात. बूट तिथंच धुवा. एप्रिल, मे, जून अशा फेऱ्या करा, जुलैत फुलं दिसायच्या आत. औषध अजिबात फवारू नका, खाली पाणी आहे. आणि वॉटरफर्डच्या राष्ट्रीय जैवविविधता माहिती केंद्राकडे ही नोंद जरूर कळवा. घाबरू नका, नकाशावर नवी जागा वेळेत दिसली की त्यांना मदतच होते.

प्रतिसाद, साताऱ्याहून

वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे, म्हणून लिहितो. आमच्या कासच्या पठारावर सप्टेंबरात तेरडा गुलाबी गालिचा घालतो. तिथं तो घरचा आहे. त्याच्यावर जगणारे किडे, त्याला दाबणारं गवत, कातळावरची वीतभर माती, सगळं बरोबर वाढलेलं. तुमच्या नदीकाठी त्याच्या भावंडाला दाबणारं कुणी नाही, एवढाच सगळा प्रकार. झाडाला दोष देऊ नका आणि स्वतःलाही किती देणार?

गौरीसाठी मी पर्पल लूसस्ट्राइफ सुचवेन. आयर्लंडच्या नद्या-तळ्यांकाठचं मूळचं झाड, कमरेएवढं, किरमिजी तुऱ्यांचं. ते मेंदीच्या कुळातलं आहे, आणि आपला तामणही त्याच कुळातला. म्हणजे गौरीच्या माहेरच्यांपैकीच म्हणा! पण यंदा अधिक महिना आहे, गौरी सप्टेंबरच्या मध्यावर येतील आणि तोवर तुरे ओसरू लागतात. तेव्हा मेअखेरीला शेंडे निम्मे खुडा, फुलोरा लांबतो.

सोबत डेव्हिल्स-बिट स्केबियस ठेवा. निळसर जांभळे गेंद, ऑक्टोबरपर्यंत टिकतात. मूळ खालून चावून तोडल्यासारखं आखूड असतं, म्हणून नावात सैतान आला. मार्श फ्रिटिलरी नावाच्या फुलपाखराची अळी त्याच झाडावर जगते, आणि कायद्यानं संरक्षण असलेला आयर्लंडमधला कीटक तो एकच. म्हणून रानातून एकही उपटू नका. आयरिश बियाण्यापासून रोपं करणाऱ्या रोपवाटिकेतून घ्या, कुंड्यांत वाढवा आणि कुंडीसकट गौर बसवा. पावलं मातीतच राहू देत. विसर्जनाला रोपावर ओढ्याचं ओंजळभर पाणी घाला आणि नंतर परसात लावून टाका. दोन्ही बहुवर्षायू आहेत, पुढच्या वर्षी तीच गौर परत येईल. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवा, लूसस्ट्राइफला ओल लागते.

प्रतिसाद, मिनेसोटाहून

काकांचा सल्ला फक्त युरोपपुरता वाचा, ही विनंती. आमच्याकडे अमेरिकेत हेच पर्पल लूसस्ट्राइफ पाणथळ जागा गिळतंय. मिनेसोटात ते विकणं-लावणं बेकायदा आहे. इकडच्या कुणी हौसेनं बी मागवू नका.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे मनापासून आभार. मिनेसोटाची गोष्ट वाचून सुन्नच झाले. तेच झाड, तिथं मी जे केलं तेच करणारं.

काका, कुंडीसकट गौर बसवायची हे सासूबाईंना फोनवर सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "पावलं घरात येतायत ना? मग झालं." लूसस्ट्राइफची तीन आणि स्केबियसची पाच रोपं सांगून ठेवली आहेत. दारावर रोवनची लाल फळं बांधायचं शेजारच्या बाईंनी सुचवलं. इथं पूर्वी गोठ्याच्या दाराला त्याची डहाळी लावायचे, वाईट आत येऊ नये म्हणून. त्यांच्या अंगणात रोवन आहे.

नोंद कळवली. शनिवारी मी, नवरा, लेक आणि त्या बाई, चौघांनी वरच्या वाकणापासून सुरुवात केली. लेक मोजत होती. तिनं वहीत ४१२ लिहिलंय, आणि पुलाखालचा तुकडा अजून बाकी आहे. गॉलवेच्या दादांना एक विचारायचं होतं: तिथं काठ उभा आहे आणि प्रिमरोझ फुललंय, पाय ठेवायला जागा नाही. पाण्यात उतरून खालून उपटलं तर चालेल का?