विहिरीच्या डबरातले स्फटिक: ओळखायचे कसे, धुवायचे कसे?

जामनेरकर:
राम राम मंडळी. जामनेर तालुक्यात शेजारच्या शेतात विहिरीचं काम चालू आहे. काळा पाषाण लागला, आणि सुरुंगानंतर यारीने वर आलेल्या डबरात पोकळ्या असलेले दगड निघाले. पोकळीत आतून हिरवट थर, त्यावर मोतिया-पांढरे गुच्छ आणि मधूनमधून काचेसारखे चौकोनी खडे. मालक म्हणतात, पाहिजे तेवढे न्या. हे काय आहे ते घरच्या घरी कसं ओळखू? तांबूस डाग आहेत, ते बाथरूमच्या ॲसिडने काढले तर चालतील का? आणि खडा दगडापासून सुटा करावा का?

तापीकाठ:
भाऊ, ॲसिडची बाटली आधी लांब ठेवा. दख्खनच्या बेसाल्टमधल्या, म्हणजे काळ्या पाषाणातल्या पोकळ्यांत मिळणारे झिओलाइट (स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट वगैरे खनिजांचा गट), ॲपोफिलाइट आणि कॅल्साइट या तिघांनाही ते खातं. कॅल्साइट फसफसून विरघळतं, बाकीच्यांची चकाकी जाऊन वर पांढुरका, चिकट थर येतो. तो परत निघत नाही.

ओळख आकारावरून सुरू करा. मधे आवळलेल्या पेंढीसारखा गुच्छ, रंग पांढरा ते फिका गुलाबी, तर स्टिल्बाइट. शवपेटीसारखा, म्हणजे मधे रुंद आणि दोन्ही टोकांना निमुळता चपटा स्फटिक, एका बाजूला मोत्याची झाक, तर ह्यूलँडाइट. सुयांचा फवारा असेल तर स्कोलेसाइट, केसांसारखे तंतू असतील तर बहुधा मेसोलाइट. तुमचा चौकोनी खडा ॲपोफिलाइट वाटतो: बाजूच्या पैलूंवर उभ्या बारीक रेघा आणि माथा सपाट, मोतिया चमकेचा असतो. कधी माथ्यावर चार पैलूंचं टोकही असतं. सावदा-जळगावचा ॲपोफिलाइट जगभरच्या संग्रहांत आहे, तेव्हा डबर भरावात जाण्याआधी नीट चाळा. मात्र ॲपोफिलाइट झिओलाइटांच्या सोबतीने सापडतो, तरी तो स्वतः झिओलाइट नाही. चिठ्ठीवर तसं लिहू नका.

शंका राहिली तर चाचणी चांगल्या स्फटिकावर नको, पडलेल्या तुकड्यावर करा. तुकड्याने काचेवर दाब देऊन रेघ ओढा. सहज ओरखडा उठला तर ती गारगोटी (1 ते 10 च्या मापावर काठिण्य 7). बाकीचे मऊ: ॲपोफिलाइट 4.5 ते 5, स्टिल्बाइट 3.5 ते 4, कॅल्साइट 3. मग तुकड्याची पूड करून त्यावर व्हिनेगरचा थेंब टाका आणि भिंगातून बघा. बुडबुडे आले तर कॅल्साइट. पूड करणं महत्त्वाचं, कारण अख्ख्या तुकड्यावर व्हिनेगर इतकं हळू चालतं की फसगत होते.

काळापाषाण:
ओळख झाली, आता सफाई. दगड साध्या, गार पाण्यात रात्रभर भिजवा, बादलीला भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब. गरम पाणी नको: ॲपोफिलाइट आडव्या पातळीत सहज फुटतो, तापमानाच्या झटक्याने पापुद्रे सुटतात. सकाळी माती मऊ होते, मग लहान मुलांचा मऊ ब्रश आणि कोपऱ्यांसाठी बांबूची काडी. लोखंडी सुई ओरखडे पाडते. हिरवा थर बहुतेक सेलॅडोनाइट या खनिजाचा असतो, तो घाण समजून खरवडू नका. स्फटिक त्याच्यावरच उभे आहेत, थर निघाला की गुच्छ खाली येतो. तंतूंच्या नमुन्याला ब्रशही नको आणि पाणीही नको. तंतू एकमेकांना चिकटतात आणि वाळल्यावर मोकळे होत नाहीत. त्याला फोटोग्राफरचा रबरी फुगा पुरे.

शेवटची खळखळ बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्याने करा (बॅटरीच्या ॲसिडने नव्हे). आपल्याकडे बोअरचं पाणी जड, थेंब वाळला की पैलूवर क्षारांचा पांढरा ठिपका राहतो. वाळवणं सावलीत.

तांबूस डागांसाठी बरेच जण ऑक्झॅलिक ॲसिड सुचवतात. गारगोटीवर ते उत्तम, पण इथे दगडातल्या कॅल्शियमशी मिळून पांढरी साय बसते. साबणपाण्याने जेवढा डाग जाईल तेवढा जाऊ द्या, बाकी ठेवा. डागाचा अस्सल नमुना चकचकीत पण खराब झालेल्या नमुन्यापेक्षा कधीही बरा.

खडा सुटा करू नका. काळ्या दगडावर बसलेला स्फटिकच बघायला चांगला, आणि अभ्यासालाही उपयोगी. दगड फार मोठा असेल तर मागून छिन्नी लावा, स्फटिकापासून निदान चार बोटं लांब. खाली ओलं पोतं, डोळ्यांवर चष्मा. घणाचा एकच मोठा घाव घालू नका. लहान लहान घावांनी चीर फिरवत न्या.

पूर्वखानदेश:
दोघांचं बरोबर आहे, दोन गोष्टी जोडतो. डबरात रंगीत वायर किंवा नळीचा तुकडा दिसला तर हात लावू नका, न उडालेला सुरुंग असू शकतो. सुरुंगवाल्याला सांगा. आणि विहिरीत उतरू नका, वर आलेलं पुरे.

दुसरं, नोंद. बाजारात सगळ्यावर नुसतं ‘जळगाव’ लिहितात, त्याने नमुन्याची निम्मी किंमत जाते. दगडाच्या मागच्या बाजूला पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका द्या, वाळला की काळ्या शाईने नंबर घाला, वर पारदर्शक नेलपॉलिश. वहीत त्या नंबरापुढे गाव, गट क्रमांक, विहिरीची खोली, तारीख आणि सोबत कोणते स्फटिक होते ते. खोली आजच मालकाला विचारून घ्या, डबर एकदा मिसळलं की कळत नाही.

जामनेरकर:
आभारी आहे. स्टिल्बाइटची एक पेंढी दगडावरून निखळली आहे. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने लावू?

काळापाषाण:
नको. त्या गोंदाची वाफ आजूबाजूच्या पैलूंवर पांढरी बसते. दोन नळ्यांचा इपॉक्सी घ्या, काडीच्या टोकावर मोहरीएवढा, फक्त तुटलेल्या जागी. चोवीस तास वाळूत टेकवून ठेवा, आणि वहीत त्या नंबरापुढे ‘जोडलेला’ असं लिहा.